वीसच्या पुढचे आकडे

ओरिदोने मैदानाच्या मध्यावरच अंगातली जर्सी डोक्यावरून ओढून काढली आणि ती हातात धरून तो पलीकडच्या गोलाकडे चालू लागला. गुडघा ठणकत होता, पण निदान आज लंगडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं की म्हाताऱ्याला भर मैदानात अंघोळीची आठवण झालेली दिसते, आणि माजी खेळाडूंच्या बाकावर हशा पिकला.

गोलात सुझुना अजून चेंडूवर पालथी पडून होती. सामना संपल्याची शिट्टी तिने ऐकली नसावी, किंवा हात सैल केले तर चेंडू निसटून आत जाईल अशी तिला धास्ती असावी. तिने इनागाकीची पेनल्टी अडवली होती. इनागाकी माजी खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष. फार वर्षांपूर्वी तो जहाजगोदीच्या संघाचा कॅप्टन होता आणि ओरिदो त्याच संघाचा गोलकीपर. मुलांविरुद्ध खेळताना इनागाकी पाय आखडता घेई. हा फटका मात्र त्याने आखडता घेतला नव्हता. ओरिदोला ते नुसत्या आवाजावरून कळलं होतं.

"ऊठ," ओरिदो म्हणाला. "आता चेंडू कुठे जात नाही."

ती उठली. अकरा वर्षांची, अंगाने काटकुळी, कपाळाला माती. त्याने पुढे केलेल्या जर्सीकडे ती नुसती बघत राहिली.

"सामना संपला की गोलकीपर गोलकीपरशी जर्सी बदलतो. रीत आहे तशी."

"नेहमी?"

"नेहमी नाही. समोरचा आवडला तर."

सुझुनाने कडेच्या रेषेकडे पाहिलं. बालगृहाच्या कान्बाराबाई तिथे एका धाप लागलेल्या मुलाला इनहेलर देत होत्या. त्यांची पाठ इकडे होती.

"मी घेतली तर चालेल का?"

"नाही म्हणालीस तर माझा अपमान होईल."

ती आणखी एक क्षण थांबली. मग तिने स्वतःची जर्सी काढली. आत पूर्ण बाह्यांचा काळा गंजीफ्रॉक होता. ओरिदोची एक नंबरची जर्सी तिच्या गुडघ्यांपर्यंत आली, बाह्यांमधून हात बाहेर येईनात. तिने दोन्ही बाह्या पंखांसारख्या फडफडवल्या आणि ती हसली. वर्षभरात ओरिदोने तिचे दात पाहिले नव्हते. पुढचा एक किंचित तिरका होता.

गोलाच्या खांबाशी गुडघे टेकून बसलेल्या त्सुगे नावाच्या फोटोग्राफर बाईने तेवढ्यात दोनदा बटण दाबलं.

ओरिदोच्या खांद्यावर चुरगळून पडलेल्या छोट्या जर्सीवर एकवीस नंबर होता.

टेकडीवरच्या बालगृहातून मुलं दर शनिवारी बंदराजवळच्या या मैदानावर येत. काहींना आईबाप नव्हते. बहुतेकांना होते, आणि ते असणं हीच अडचण होती. त्यातल्या चार-पाच जणांचा ठावठिकाणा बाहेर कळता कामा नये असा बालकल्याण कचेरीचा आदेश होता. संघटनेला चहाच्या कंपनीचा आधार होता आणि कंपनीला फोटो हवे असत. या मुलांना वेगळ्या रंगाची जर्सी द्यावी अशी सूचना आली, तेव्हा कान्बाराबाईंनी मान हलवली होती. रंग मुलांना पहिल्या दिवशी कळतो, त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून चिडवाचिडवी सुरू होते. त्यापेक्षा आकडे वापरू. एक ते वीस नंबरच्या मुलांचे फोटो चालतील. वीसच्या पुढचा आकडा दिसला तर फोटो घ्यायचा नाही, घेतला गेला तर पुसायचा. कापड तेच, रंग तोच, कुणाच्या लक्षातही येणार नाही. सगळ्यांचा मिळून फोटो काढायच्या आधी वीसच्या पुढच्या मुलांना संत्र्यांची खोकी आणायला क्लबच्या खोलीकडे पाठवत.

ओरिदोला हे सगळं ठाऊक होतं. बैठकीत त्याने हात वर करून मत दिलं होतं, वर कान्बाराबाईंच्या हुशारीचं कौतुकही केलं होतं. पण पेनल्टी अडवून पडलेल्या त्या पोरीकडे चालत जाताना त्याच्या मनात आकडा नव्हता. समोर गोलकीपर होता, बस.

*

ती गोलात उभी राहिली ती दुसरं कुणी तयार होईना म्हणून. पहिले काही महिने ती प्रत्येक गोष्ट विचारून करायची. चेंडू उचलू का, पाणी पिऊ का, इथे उभी राहू का. गोलकीपरने पुढे धावताना "माझा" असं ओरडायचं असतं, म्हणजे आपलीच माणसं अंगावर आदळत नाहीत. सुझुनाचा आवाज फुटत नसे. ओठ हलत आणि चेंडू डोक्यावरून जाई.

"ओरडू?" तिने एकदा विचारलं.

"विचारून कुणी ओरडतं का बाई?"

त्यावर तिने बराच विचार केलेला दिसला. ओरिदोने मग तिला धक्क्यावर नेलं. मासळीच्या कारखान्याचा भोंगा वाजला की त्या आवाजात ओरड, कुणाला ऐकू जाणार नाही, असं सांगितलं. भोंगा थांबल्यावरही तिचा आवाज क्षणभर मागे उरला, तेव्हा तिने दचकून तोंडावर हात ठेवला होता. त्यानंतर हळूहळू ती मैदानावर ओरडू लागली. मुलं ओरिदोला "गोली आजोबा" म्हणत, तीही म्हणू लागली.

एकच खोड जात नव्हती. डावीकडे झेपावताना ती कोपर पूर्ण सरळ करत नसे आणि चेंडू बोटांना निसटता लागून आत जाई. कोपर सरळ कर, हे ओरिदोने तिला इतक्यांदा सांगितलं असेल की शेवटी बाकावरचे म्हातारेही त्याच्या सुरात सूर मिळवून ओरडायचे. ती मान डोलवायची आणि पुन्हा तसंच करायची. हट्टी आहे, ओरिदो कौतुकाने म्हणे.

मार्चअखेर शहराच्या मुलींच्या संघाची निवड होती. ओरिदोने तिचं नाव दिलं होतं. संघात आली तर पुढची सगळी वर्षं ती याच शहरात, याच मैदानावर खेळणार होती. तिने कुणाकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे एक मागितलं होतं. तेही विचारूनच. "माझं नाव दिलं तर चालेल का?"

*

जानेवारीत चहाच्या कंपनीने नाणं टाकून गरम चहाची बाटली घ्यायच्या यंत्रांवर नवी चित्रं लावली. स्टेशनसमोरच्या यंत्रावर ओरिदोने स्वतःला पाहिलं आणि तो जागीच थांबला. चित्रात मागे, जरा धूसर, उघड्या अंगाने उभा असलेला म्हातारा तो होता. पुढे सुझुना होती. एक नंबर, फडफडत्या बाह्या, तिरका दात. त्याने गरज नसताना एक बाटली विकत घेतली आणि ती संपेपर्यंत तिथेच उभा राहिला.

त्सुगेने सगळे फोटो आकडे बघून निवडले होते. वीसच्या पुढचे एकूण एक पुसले होते. एक नंबरचा कशाला पुसेल?

संघटनेच्या कार्यालयात जास्तीच्या प्रती आल्या होत्या. ओरिदोने एक गुंडाळी करून शनिवारी नेली आणि सराव संपल्यावर, बाकीच्या मुलांचा हेवा नको म्हणून, गोलाच्या मागे नेऊन सुझुनाला दिली. तिने ती उलगडली. वारा होता, म्हणून दोन्ही हातांनी ताणून धरली. बराच वेळ ती बघत राहिली.

"हे कुठे लावलंय?"

"सगळीकडे," ओरिदो म्हणाला. "हायवेवरसुद्धा. नागोयाच्या पलीकडेही पाहिलं म्हणतात."

तिने कागदाची घडी घातली. घडीवर घडी घालत तो आगपेटीएवढा केला आणि डाव्या पायमोज्यात सारला.

"कान्बाराबाईंना दाखवलंत?"

"तूच दाखव ना."

तिने मान डोलवली. कोपराबद्दल डोलवायची तशीच. ते ओरिदोला नंतर आठवलं.

*

बुधवारी कार्यालयात फोनपाशी बसायची पाळी ओरिदोची असे. फोन क्वचितच वाजे. त्या दुपारी वाजला. पलीकडचा आवाज तरुण नव्हता, म्हातारा नव्हता, आणि फार अदबीचा होता. आधी त्या माणसाने वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली. मग म्हणाला की यंत्रावरचा फोटो पाहून त्याने ओरिदोला ओळखलं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने गोदीच्या संघाचा तो पावसातला सामना पाहिला होता.

"शेवटच्या मिनिटाला तुम्ही चेंडू एका हाताने बाहेर काढलात. वडील इतके उडाले की मी चिखलात पडलो."

ओरिदो खुर्चीत सरळ होऊन बसला. त्या सामन्याबद्दल कुणी बोलून किती काळ लोटला होता. तो बोलत गेला, आणि पलीकडचा माणूस योग्य तिथे हुंकार देत गेला.

"आणि ती मुलगी," माणूस म्हणाला, "तुमचीच शिष्या ना? उभी कशी राहते ते बघूनच कळतं."

"माझीच."

"माझीही मुलगी त्याच वयाची आहे. तिलाही गोलातच उभं राहायला आवडतं. कधी सराव बघायला आलो तर चालेल का?"

ओरिदोने त्याला शनिवारची वेळ सांगितली. बस कुठून सुटते, कुठलं फाटक उघडं असतं, तेही सांगितलं. माणूस म्हणाला की बस नको, माझा ट्रक आहे, उभा करायला जागा असेल का? ओरिदोने कारखान्याच्या भिंतीलगतची जागा सांगितली, आणि त्या दिवशी तिथे कुणी हटकत नाही, हेही.

"मुलीलाही आणा," तो शेवटी म्हणाला.

माणसाने पुन्हा पुन्हा आभार मानले.

*

तो वेळेआधीच आला होता. स्वच्छ धुतलेलं कामाचं जाकीट, चाळिशीचं वय, जाळीच्या कुंपणाबाहेर दोन्ही पाय जुळवून उभा. एका हातात कॉफीचा डबा, दुसऱ्यात गरम मक्याच्या सुपाचा. ओरिदोने त्याला ओळखलं ते त्या अदबीवरून. तो कुंपणाशी गेला. दोघे कमरेत वाकले.

"मुलीला नाही आणलंत?"

"आणायची कशाला?" माणूस म्हणाला. त्याने सुपाचा डबा धरलेला हात जरा वर केला आणि गोलाकडे दाखवलं. "ही काय, उभीच आहे."

ओरिदो वळला. कुणीतरी लांबून मारलेला चेंडू टप्पे घेत गोलाकडे येत होता, इतका सावकाश की लहान पोरानेही पायाने थोपवला असता. सुझुना दोन्ही हात अंगाशी धरून उभी होती. ती चेंडूकडे बघत नव्हती. चेंडू तिच्या बुटाला घासून आत गेला आणि जाळ्याला टेकून थांबला. मुलं ओरडली. झोपलीस का, कुणीतरी म्हणालं.

मैदानाच्या पलीकडून कान्बाराबाई निघाल्या. त्या धावल्या नाहीत. स्वतःचा कोट काढत चालत आल्या, तो सुझुनाच्या डोक्यावरून घातला आणि तिला कुशीत धरून तशाच चालत मिनीबसकडे गेल्या. जाताना त्यांनी एकदा कुंपणाकडे पाहिलं, एकदा ओरिदोकडे. मग शिट्टी वाजवून बाकीच्या मुलांना बोलावलं. बस गेली.

माणसाने आरडाओरडा केला नाही, कुंपणावर चढला नाही. सुपाचा डबा त्याने जाळीच्या पायथ्याशी नीट उभा ठेवला, मैदानाला वाकून नमस्कार केला, आणि भिंतीलगत लावलेल्या ट्रककडे गेला. ओरिदो तिथेच उभा राहिला. नंतर त्याने जाळीतून हात घालून डब्याला बोट लावून पाहिलं. डबा अजून गरम होता.

*

सोमवारी कान्बाराबाई कार्यालयात आल्या तेव्हा इनागाकीने सगळ्या कार्यकारिणीला ओळीत उभं केलं होतं. सगळे एकदम वाकले आणि बराच वेळ वाकलेले राहिले. ओरिदोला समोरच्या बुटांची टोकं दिसत होती.

चूक कुणा एकाची नाही, इनागाकी म्हणाला. चांगल्या हेतूने झालेली गोष्ट. चित्रं उतरवायला कंपनीला सांगतो, पण एकदम सगळीकडची उतरवली तर लोक विचारतील का उतरवली. वसंतात नवी लागणारच आहेत, तोवर...

"उतरवा," कान्बाराबाई म्हणाल्या.

शहरातली आठवडाभरात उतरवली गेली. हायवेवरची राहिली.

बाई निघाल्या तेव्हा ओरिदो त्यांच्या मागोमाग जिना उतरला. खाली त्यांनी पिशवीतून एक घडी काढून त्याच्या हातात दिली. एक नंबरची जर्सी होती, धुतलेली, इस्त्री केलेली.

"तिने परत द्यायला सांगितलं. इथली वस्तू तिकडे न्यायची नाही, हे तिला माहीत आहे. पहिली वेळ नाही तिची."

"कुठे नेलं तिला?"

"मला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं."

"तिथे मैदान आहे का?"

बाई पिशवीची चेन लावत राहिल्या. ती लागलेलीच होती.

"तिला एवढं कळवता येईल का," ओरिदो म्हणाला, "की सराव सोडू नकोस. डावीकडे झेपावताना कोपर फक्त..."

"ओरिदो-सान," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ते कोपर सरळ होत नाही. मोडलं तेव्हा दवाखान्यात न्यायला उशीर केला होता त्याने. हाड तसंच जुळलंय."

त्यांनी छत्री उघडली. पाऊस नव्हता. मग ती मिटून त्या रस्ता ओलांडून गेल्या.

मार्चअखेरच्या रविवारी ओरिदो निवडीच्या मैदानावर गेला. नाव मागे घ्यायचं राहून गेलं होतं, निदान तेवढं करावं म्हणून. तो टेबलापाशी पोहोचायच्या आत कर्ण्यावरून पुकारा झाला. नाव, आडनाव, गोलकीपर. पुन्हा एकदा झाला. रांगेतल्या मुली मागे वळून कोण येतंय ते बघू लागल्या. कुणी आलं नाही, तेव्हा पुढचं नाव पुकारलं.

*

एप्रिलमध्ये इनागाकीने ओरिदोला बोलावून घेतलं आणि स्वतः चहा ओतून दिला. कंपनीला तो फोटो फार आवडला होता. मुलीचा नाही, इनागाकी घाईने म्हणाला, ती कल्पना. जर्सी बदलण्याची. या वर्षीपासून दर वसंतात जर्सी-बदल दिन करायचा. प्रत्येक माजी खेळाडूने एका मुलाशी जर्सी बदलायची. मुलं अर्थात वीसच्या आतली. या खेपेला नीट काळजी घेतली होती, यादी कान्बाराबाईंकडूनच आली होती.

"आणि सुरुवात तू करायचीस, ओरी. रीत तुझी."

"कॅप्टन, मला यातून वगळा."

"तुला वगळून कसं होईल?" इनागाकीने पेला खाली ठेवला. "हे बघ, एक पोर गेली. वाईट झालं. पण अजून वीस-बावीस आहेत, आणि त्यांचे बूट, बस, डबे कंपनीच्या जिवावर चालतात. तू नाही म्हटलंस तर कोणाचं नुकसान? माझं? मी तर टायरचं दुकान चालवतो."

यात खोटं काहीच नव्हतं. ओरिदोने चहा संपवला.

जर्सी-बदल दिनी मैदानाभोवती कंपनीचे हिरवे झेंडे लावले होते. ओरिदो हातात कापडी पिशवी घेऊन आला. त्सुगे क्लबच्या पायरीवर बसून कॅमेऱ्याची काच पुसत होती. त्याला पाहून ती उठली, वाकली. तो फोटो आपल्या आजवरच्या कामातला सगळ्यात चांगला ठरला, ती जरा लाजून म्हणाली. तिच्या आईने यंत्रावरून तो सोडवून घरात लावला होता. मग तिने मुलांच्या घोळक्याकडे पाहिलं.

"ती आज दिसत नाही?"

तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ओरिदोने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ती वीसच्या पुढची होती," तो म्हणाला.

त्सुगे हसणार होती, पण हसू ओठांवरच राहिलं. तिने बोटाने हवेत जर्सीची अदलाबदल केल्यासारखं काहीतरी केलं, एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. मग हात खाली घेतला.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. ओरिदोने पाच नंबरच्या एका गुबगुबीत मुलाशी जर्सी बदलली. मुलाने ती नाकाला लावून पाहिली आणि म्हणाला, "आजोबा, ही तर नवी आहे, घामाचा वासच नाही." सगळे हसले. ओरिदोने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मुलाचा काही दोष नव्हता.

मग सगळ्यांच्या फोटोची वेळ झाली. कान्बाराबाईंनी हळूच तीन-चार नावं घेतली, आणि ती मुलं संत्र्यांची खोकी आणायला क्लबच्या खोलीकडे गेली. पुढे लहान मुलं मांडी घालून बसली, मागे मोठी, त्यामागे म्हातारे. गोलकीपर उंच, म्हणून तो नेहमी मागच्या रांगेत मधोमध असे. ती जागा मोकळी होती.

ओरिदोने पिशवीतून सुझुनाची जर्सी काढली आणि डोक्यावरून घातली.

ती खांद्यांपाशी अडकली. त्याने एक हात कसाबसा घातला, दुसरा घालताना काखेत टाके उसवल्याचा आवाज झाला. जर्सी छातीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. खाली पोट उघडं राहिलं. म्हाताऱ्यांना हसू आवरेना. कुणी म्हणालं, ओरी, बायकोने गरम पाण्यात धुतली का रे? कुणी म्हणालं, आता काढायला कात्री लागणार. मुलंही हसली. पाच नंबरचा मुलगा तर लोळायचाच बाकी राहिला. ओरिदो जाऊन आपल्या जागी उभा राहिला. छातीवरचा एकवीस ताणून रुंद झाला होता.

कान्बाराबाई हसल्या नाहीत.

त्सुगेने कॅमेरा डोळ्याला लावला. सगळे गप्प झाले, हसरे चेहरे जागच्या जागी थांबले. ते थांबूनच राहिले. तिने कॅमेरा खाली घेतला.

"काय झालं?" इनागाकीने विचारलं.

"वीसच्या पुढचा आकडा आहे."

"अहो, तो नियम मुलांसाठी."

"मला तसं सांगितलं नव्हतं," त्सुगे म्हणाली. "आकडा दिसला तर फोटो घ्यायचा नाही, एवढंच सांगितलं होतं. मागच्या वेळी मी आकडाच पाहिला होता."

कंपनीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. इनागाकी रांगेतून अर्धा वळला.

"ओरी, काढ ती. कुणाची घालून आलास?"

"माझी आहे," ओरिदो म्हणाला. "बदलून घेतलेली."

तो हलला नाही. वजन चवड्यांवर, हात अंगापासून जरा दूर, नजर समोर. पेनल्टीच्या वेळी उभं राहतात तसा. तंग बाहीत डावं कोपर वाकडंच राहिलं होतं; ते सरळ करायचा त्याने प्रयत्न केला नाही. झेंडे फडफडत होते.

क्लबच्या खोलीकडून संत्र्यांची खोकी घेऊन ती मुलं परत येत होती. फोटो अजून झालेला नाही हे त्यांनी लांबूनच पाहिलं, आणि रेषेच्या बाहेर, खोकी हातात धरूनच, ती थांबली. थांबा असं त्यांना सांगावं लागलं नाही.